मॉडेलआधी कागद: एका माळवदी घराच्या रेखाटनांची गोष्ट आणि कृती

आमच्या घरात चादरींचे ग्राफ निघायचे. वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांसाठी जेकार्डची डिझाइनं करत. मोर असो की कलश, तो आधी चौकटीच्या कागदावर उतरायचा: उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाण्याचा. त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची आणि मग माग चालायचा. मोराची चोच वाकडी गेली असेल तर ती ग्राफवर रबराने पुसता येते, चादरीत नाही. म्हणून वडील एकेका चौकटीशी तासन्‌तास बसत.

मी इमारतींची छोटी मॉडेलं करायला लागलो तेव्हा मात्र हे विसरून थेट कटर हातात घेतला होता. ग्राफच्या कागदाकडे मला परत नेलं ते आजोळच्या घराने. मंगळवेढ्याकडच्या एका खेड्यातलं ते माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर भिंती फुगल्यामुळे मामांनी उतरवायला काढलं, आणि मोजायला माझ्याकडे दोन दिवस होते. आज घर नाही. रेखाटनांची अकरा पानं आहेत आणि त्यांवरून केलेलं मॉडेल आहे. खालची सगळी कृती मी याच घराच्या उदाहरणाने सांगतो. तुम्ही वाडा, देऊळ, गिरणीची चिमणी किंवा रेल्वे स्टेशन करत असाल तरी ती तशीच लागू पडते.

पहिलं रेखाटन: बघणारा कुठे उभा आहे?

टेप काढण्याआधी साध्या पेनने पोस्टकार्डाएवढी चार-पाच चित्रं काढा. सुंदर नकोत. एकेका चित्राला दहा मिनिटं पुरे. त्यात एवढंच ठरवायचं की मॉडेल कुठे ठेवणार, बघणाऱ्याचा डोळा कुठे असणार आणि त्याला काय दिसलं पाहिजे.

माझ्या पहिल्या चित्रात घर रस्त्यावरून दिसत होतं: दगडी भिंत, एक दार, बस्स. माळवदाला बाहेरून चेहरा फार कमी असतो, त्याचं सगळं वैभव आत. तिसऱ्या चित्रात मी छत उचलून बाजूला ठेवलं आणि वरून तिरकं पाहिलं, तेव्हा सोपा (पुढची ओसरी), माजघर, चूल, खांब सगळं एकदम समोर आलं. छत सुटं ठेवायचं हे तिथेच ठरलं, आणि त्या एका निर्णयाने पुढची सगळी रचना बदलली. सुटं छत म्हणजे आतल्या भिंतींनाही दोन्ही बाजूंनी काम, खांब खालून पक्के आणि तुळया छताबरोबर उचलल्या जाणार. हे जर भिंती चिकटवल्यावर सुचलं असतं तर सगळं मोडावं लागलं असतं.

मोजणीचं रेखाटन

जागेवर गेलात की टेप पिशवीतच ठेवा. आधी संपूर्ण घराचा हाताने कच्चा प्लॅन काढा, पानभर मोठा. प्रमाण चुकलं तरी चालेल, पण प्रत्येक कोपरा, दार, कोनाडा, खांब त्यात हवा. आकडे लिहायला जागा आधी तयार ठेवायची आणि मग मोजायचं. मोजत मोजत काढायला गेलं की एक भिंत हमखास राहते.

मापं तुकड्यातुकड्याने घेऊ नका. कोपऱ्यापासून दारापर्यंत, मग दाराची रुंदी, मग दारापासून खिडकी, असं केलं की दरवेळी पाव-अर्धा इंच इकडेतिकडे होतो आणि शेवटी बेरीज जुळत नाही. टेपचं शून्य एका कोपऱ्यात धरा, टेप भिंतीभर ताणा आणि वाटेतल्या प्रत्येक गोष्टीचा आकडा त्याच शून्यापासून लिहा.

जुनी घरं काटकोनात असतात असं समजू नका. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. आमच्या घराची आतली लांबी 31 फूट, रुंदी 25 फूट. काटकोन असता तर दोन्ही कर्ण 39 फूट 10 इंच भरायला हवे होते. प्रत्यक्षात एक 40 फूट 3 इंच निघाला, दुसरा 39 फूट 4 इंच. म्हणजे घर एका बाजूला कललेलं होतं. मॉडेलमध्ये हा तिरकेपणा जेमतेम 7 मिलिमीटरचा होतो आणि तो सरळ करून टाकणं सोपं होतं. मी तो ठेवला. ज्या गवंड्याने गल्लीच्या वळणाप्रमाणे भिंत घेतली, त्याचा तो निर्णय होता. तो पुसायचा हक्क मला वाटला नाही.

माळवदी घर मोजताना एक सोय आयती मिळते: खण. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर किती मोठं हे आपल्याकडे खणांतच सांगतात. आमचा सोपा पाच खणांचा, म्हणजे 25 फुटांत सरासरी 5 फुटांचा खण. प्लॅनवर आधी खांबांची जाळी टाका. भिंती, दारं, चूल सगळं त्या जाळीला धरून बसतं. फक्त सगळे खण सारखे धरू नका. आमचा एक खण 4 फूट 7 इंच होता, त्याच्या शेजारचा 5 फूट 3 इंच.

उंचीसाठी शिडी मिळाली नाही तर 6 फुटांचा बांबू घ्या, दर फुटाला लाल-पांढरा पट्टा रंगवा, भिंतीला टेकवून उभा करा आणि समोरून फोटो काढा. शक्य तितकं लांब उभं राहून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत भिंत वर निमुळती होते. माझ्या प्रिंटमध्ये 6 फुटांची काठी 42 मिमी भरली, म्हणजे एका फुटाला 7 मिमी. कठड्याचा माथा जमिनीपासून 93 मिमीवर होता. 93 भागिले 7, म्हणजे 13 फूट 3 इंच. ही युक्ती काठी ज्या भिंतीला टेकली आहे त्या भिंतीपुरतीच खरी. मागच्या किंवा पुढच्या भिंतीचं माप त्याच फोटोवरून काढू नका.

आणि हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी: भिंतीची जाडी (दाराच्या चौकटीत मोजता येते), उंबऱ्याची उंची, पायऱ्यांची संख्या, खांबाखालच्या तळखड्याचं माप, कोनाड्यांची खोली, छताच्या कड्या (तुळयांवरची आडवी लाकडं) एकूण किती, आणि उत्तर कुठे आहे. उत्तर दिशेचा बाण मी अगदी सवयीने काढला होता. तो किती कामाला आला ते पुढे सांगतो.

प्रमाण

पुस्तकी प्रमाणं बरीच आहेत. रणगाडे 1:35 (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढे), विमानं 1:72 किंवा 1:48, छोट्या रेल्वे 1:87. तयार गाड्या-माणसं वापरायची असतील तर त्यांचंच प्रमाण घ्यावं लागतं. कधी एखादा तयार भागच प्रमाण ठरवून देतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली, तिच्या रुळांमधलं अंतर तेव्हा 762 मिमी होतं. ते 87 ने भागलं की 8.76 मिमी येतं, आणि बाजारात 9 मिमीचे छोटे रूळ तयार मिळतात. तिचं मॉडेल करणाऱ्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

घरासाठी मात्र मी आकडेमोड सोपी करणारं प्रमाण निवडतो. आपली जुनी घरं फुटांत आणि हातांत बांधलेली, आपला ग्राफ पेपर सेंटिमीटरचा. म्हणून 1 फुटाला 1 सेंमी. हे प्रमाण जवळपास 1:30 होतं, नेमकं सांगायचं तर 1:30.48. 6 इंचांचा खांब म्हणजे 5 मिमीची काडी, 3 इंच म्हणजे 2.5 मिमी, एक हात म्हणजे 15 मिमी. कॅल्क्युलेटर लागतच नाही, आणि चुका बहुतेक कॅल्क्युलेटरवरच होतात. शिवाय 1:32 ची तयार माणसं-जनावरं या घरात फार खटकत नाहीत. बाहेरून 30 बाय 36 फुटांचं घर 30 बाय 36 सेंमीचं झालं, थोडं अंगण धरून 45 बाय 55 चा पाया. जागा कमी असेल तर 1 फुटाला 5 मिमी घ्या, पण मग खिडकीचे गज आणि कड्या करायचा नाद सोडावा लागेल.

ठरवण्याआधी एक तपासणी करा. घरातली सगळ्यात बारीक गोष्ट निवडा, तिचं माप त्या प्रमाणात काढा आणि विचारा की हे माझ्या हाताने कापलं जाईल का. माझी बारीक गोष्ट दाराची कडी होती. अर्ध्या इंचाची सळई म्हणजे 0.4 मिमी. पातळ तांब्याची तार चालली.

प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन

आता पक्की रेखाटनं. बांधणीच्या रेषांना 2एच पेन्सिल, शेवटच्या रेषांना एचबी, ग्राफ पेपर, सेटस्क्वेअर, त्यावर ट्रेसिंग पेपर. उन्हाळ्यात हाताच्या घामाने ट्रेसिंग पेपर सुरकुततो, म्हणून मनगटाखाली कोरा कागद ठेवा. कागदावर समोरचं एलिव्हेशन (समोरून सरळ दिसणारं चित्र) वर आणि प्लॅन त्याच्या बरोबर खाली मांडा. दाराच्या दोन्ही कडांवरून रेषा सरळ खाली सोडल्या की प्लॅनमधलं दार तिथेच आलं पाहिजे. नाही आलं तर एक माप चुकलं आहे. माझ्या बाबतीत दोन चुका अशाच सापडल्या, घर उभं होतं तोवर, म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन परत मोजता आलं.

प्लॅन आणि एलिव्हेशन सगळेच काढतात. सेक्शन काढायचा कंटाळा करतात, आणि माझ्या मते घर सगळ्यात जास्त सेक्शनमध्येच समजतं. घर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत कलिंगडासारखं उभं चिरलं आहे असं समजा आणि कापलेला भाग काढा. आमचं घर असं निघालं: अंगणापासून जोतं दीड फूट. आतल्या जमिनीपासून तुळईच्या खालपर्यंत 8 फूट. तुळई 9 इंच, तिच्यावर कड्या 4 इंच. कड्यांवर लाकडाच्या चिपा आणि पांढरी माती मिळून दीड फूट. वर कठडा 1 फूट 2 इंच. बेरीज 13 फूट 3 इंच, आणि फोटोवरूनही तेवढंच आलं होतं. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला की तो पक्का धरायचा.

सेक्शन काढताना मला आणखी एक गोष्ट उमगली. चुलीच्या वर छताला उजेडासाठी आणि धुरासाठी एक फूट चौरस भोक होतं. त्याला आमच्याकडे सवणं म्हणतात. छताची जाडी दीड फूट, भोक एक फूट. सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, म्हणजे कवडसा सरळ खाली चुलीशेजारी. डिसेंबरच्या शेवटी मात्र दुपारीसुद्धा सूर्य डोक्यापासून 41 अंश दक्षिणेला असतो. उत्तरेचा बाण इथे कामाला आला: त्यावरून दिशा धरून, कोनमापक ठेवून मी तो किरण सेक्शनमध्ये काढला. दीड फूट जाडीतून खाली येईपर्यंत तो उत्तरेकडे 1 फूट 3 इंचांहून जास्त सरकतो आणि सवण्याच्या कडेला अडकतो. म्हणजे थंडीत तिथून थेट ऊन खाली पोचतच नव्हतं. आजी थंडीत धान्य निवडायला सोप्यात येऊन का बसायची हे मला त्या कागदावर कळलं. मॉडेलमध्ये आता ती सूप घेऊन सोप्यात बसली आहे.

प्रत्येक रेखाटनात एक माणूस काढा, साधी पाच फूट सहा इंचांची आकृती. दार बुटकं वाटतं की उंच, कोनाडा हाताला येतो की नाही, हे आकड्यांपेक्षा माणूस आधी सांगतो.

जाडीचं गणित

इथपर्यंतची चित्रं घराची होती. यापुढचं चित्र मॉडेलचं, आणि ते वेगळंच लागतं. या घराआधीच्या मॉडेलमध्ये मी घराचा प्लॅन थेट सनबोर्डवर (फोमची हलकी शीट) चढवून कापला होता. भिंती उभ्या राहिल्या, आणि छत ठेवायला गेलो तर ते 1 सेंमीने तोकडं. कारण कोपऱ्यात एक भिंत दुसरीच्या पोटात जाते आणि तिथे सनबोर्डची जाडी दोनदा मोजली गेली होती. तीन आठवड्यांचं काम टाकावं लागलं.

म्हणून कोपरा मोठा करून काढा, खऱ्या मापाच्या दुपटीने. कोणता तुकडा बाहेर पळतो आणि कोणता आत बसतो ते रेषेने दाखवा. आमच्या घराची बाहेरची भिंत अडीच फूट जाड, म्हणजे 25 मिमी. ती मी पोकळ केली: बाहेर 5 मिमी सनबोर्ड, आत 5 मिमी, मध्ये 15 मिमीच्या पट्ट्या. लांब तुकडे पूर्ण धावतात, आखूड तुकडे त्यांच्यामध्ये बसतात. मग मापं अशी येतात:

बाहेरचे लांब तुकडे 36.0 सेंमी, दोन.
बाहेरचे आखूड 30 वजा 1, म्हणजे 29.0 सेंमी, दोन.
आतले लांब 31 अधिक 1, म्हणजे 32.0 सेंमी, दोन.
आतले आखूड 25.0 सेंमी, दोन.

आतल्या लांब तुकड्यात जाडी मिळवावी लागते आणि बाहेरच्या आखूड तुकड्यात वजा करावी लागते, हे तोंडी लक्षात राहत नाही. चित्रात एका नजरेत दिसतं. मधल्या भिंती दीड फुटांच्या होत्या, त्यांना सनबोर्डचे तीन थर बरोबर पुरले.

हे गणित करण्याआधी आणलेली शीट मोजून घ्या. पाच मिलिमीटर म्हणून घेतलेली एक शीट माझ्या कॅलिपरवर 4.6 भरली होती. आणि लिंपणाची जाडी विसरू नका. चाळलेली माती फेविकॉलमध्ये कालवून दिलेला हात अर्धा मिलिमीटर तरी चढतो (सनबोर्ड आधी पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर सुकल्यावर पापुद्रा सुटतो). अडीच फुटांचं दार 25 मिमी हवं असेल तर भोक 26 मिमीचं कापा.

सुटे भाग आणि क्रम

आता प्रत्येक तुकडा वेगळा, सपाट, खऱ्या मापात काढा आणि त्याला नंबर द्या. मी बाहेरच्या भिंतींना बा-1 ते बा-4, आतल्यांना आ-1 ते आ-4 दिले. तोच नंबर तुकड्याच्या मागे पेन्सिलीने, बाणाने वरची बाजू दाखवून. कापलेल्या आठ पांढऱ्या पट्ट्या टेबलावर एकसारख्या दिसतात.

मग एक सुटं-सुटं चित्र: सगळे भाग एकमेकांपासून थोडे उचललेले, जणू घर हवेत उमललं आहे. त्यावर गोल करून क्रम लिहा. हे काढताना दर पायरीला विचारा, हे चिकटवल्यावर ब्रश कुठे पोचणार नाही? चुलीमागची काजळी भिंत उभी करण्याआधी रंगवावी लागते. कोनाड्याच्या आतला चुनासुद्धा. तळखडे आधी, खांब नंतर, आणि खांबांच्या माथ्याला सुटं छत बसायचं म्हणून तिथे फेविकॉलचा थेंबही नाही. माझ्या यादीत 34 पायऱ्या झाल्या आणि त्यातल्या पाच चित्र काढताना जागा बदलून वर-खाली गेल्या.

टेम्पलेट आणि पत्रिकेचं घर

सुट्या भागांची झेरॉक्स काढून सनबोर्डवर गम स्टिकने हलकी चिकटवा आणि तिच्यावरूनच कापा. मूळ रेखाटन कधीच कापू नका. झेरॉक्स काढण्याआधी कागदावर 10 सेंमीची एक आडवी आणि एक उभी रेषा काढून ठेवा, आणि प्रत आली की दोन्ही मोजा. कॉम्प्युटरवरून प्रिंट घेत असाल तर दुकानदाराला ‘अ‍ॅक्चुअल साइज’ स्पष्ट सांगा. ‘फिट टू पेज’ राहिलं की सगळं थोडं आक्रसतं आणि ते डोळ्याला कळत नाही. 10 ची रेषा 9.7 भरली तर 36 सेंमीची भिंत 1 सेंमीहून जास्त कमी झाली.

सनबोर्ड कापण्याआधी त्याच भागांची 50 टक्क्यांवर झेरॉक्स काढून जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवा आणि चिकटपट्टीने छोटं घर उभं करा. एका संध्याकाळचं काम. माझ्या पत्रिकेच्या घरात मागच्या खोलीचं दार उघडल्यावर खांबाला आपटत होतं. प्लॅनमध्ये दाराचा उघडण्याचा चाप मी काढलाच नव्हता. मामांना विचारलं तर ते दार बाहेरच्या बाजूला उघडायचं.

रंगाचं रेखाटन थोडक्यात: एलिव्हेशनच्या झेरॉक्सवर खडूंनी किंवा पातळ जलरंगांनी ठिपके टाका. पन्हळीखाली ओघळ, जोत्याला गेरूचा पट्टा, चुन्यात निळीची छटा, हात लागून काळा पडलेला दाराचा भाग. वेगळ्या कागदावर नको. ज्या रेषांवर रंग जाणार त्यांवरच.

दुरुस्त्या लाल पेनने

काम सुरू झाल्यावर कागद बदलतोच. जे बदललं ते त्याच पानावर लाल पेनने, तारीख घालून लिहा. जुना आकडा पुसू नका, एक रेघ मारा.

माझ्या शेवटच्या पानावरची शेवटची लाल नोंद माजघरातल्या देवळीची आहे. तिची रुंदी-खोली मी मोजली होती, जमिनीपासूनची उंची राहिली होती, आणि फोटोत तिच्यापुढे कणगी होती. घर तोवर उतरवून झालं होतं. मामीला फोन न करता मी गावी गेलो.

“मामी, देवळी किती उंच होती गं?”

“आता ते कुठं आठवतंय, बाळा. फुटात काही सांगता यायचं नाही मला.”

“दिवा लावताना हात कुठे जायचा?”

ती नव्या घराच्या भिंतीसमोर उभी राहिली, पदर खांद्यावर सारखा केला आणि काडी पेटवल्यासारखा हात पुढे नेला. हात जिथे थांबला तिथे मी पेन्सिलीची खूण केली आणि टेप लावला. 3 फूट 7 इंच. मॉडेलमध्ये 36 मिमी.